आधी ट्राम, मग सायकल

"मावशी, मी मूळची सांगलीची, वय ३६. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या ऑगस्टपासून आम्ही ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवीनमध्ये राहतो. शाळेत असताना मी सायकल चालवायचे, कॉलेजला बस आणि नंतर स्कूटी. इथे माझी नऊ वर्षांची मुलगी वर्गातल्या सगळ्यांसारखी सायकलवर शाळेत जाते आणि मी तिच्यामागून पळत असते. आता ती म्हणते, आई, तू येऊ नकोस. नवरा दोन रविवार शिकवायला घेऊन गेला, दोन्ही वेळा भांडून परत आलो. मध्यंतरी रस्ता ओलांडताना मी सायकलींच्या वाटेत थांबले, तर एक बाई जोरात ओरडून गेली. ट्राममध्ये कार्डाचे दोनदा जास्त पैसे कापले गेले. तेव्हापासून मी एकटी बाहेर पडतच नाही. भाजीसुद्धा संध्याकाळी नवरा आला की त्याच्याबरोबर. मे महिन्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. नवरा म्हणतो, सरळ गाडी घेऊन टाकू. या वयात सायकल पुन्हा जमेल का, की गाडीच बरी?"
— एक सांगलीकर, ॲमस्टलवीन

प्रिय सांगलीकर,

सायकल जमेल. त्याबद्दल मला शंका नाही आणि पुढे त्यावर सविस्तर लिहिणारच आहे. पण तुझ्या पत्रात मला सगळ्यांत टोचलं ते वेगळंच. सांगलीत स्कूटी काढून वाटेल तिथे जाणारी तू, आता भाजी आणायलाही कुणाची तरी वाट बघत बसतेस. हे आधी मोडायला हवं. सायकलवर हात बसायला काही महिने जातील आणि तोवर घरात बसून राहिलीस तर भीती वाढतच जाईल. म्हणून आधी ट्राम, आणि तीही याच आठवड्यात.

पैसे कसे कापले गेले ते तू लिहिलं नाहीस, पण बहुधा दोनपैकी एक झालं असावं. चढताना यंत्राला फोन टेकवला आणि उतरताना पर्समधलं बँकेचं कार्ड, किंवा उतरताना टेकवायचं राहूनच गेलं. फोन आणि कार्ड एकाच खात्याचे असले तरी यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात. एकाने प्रवास सुरू केला आणि संपवलाच नाही, दुसऱ्याने मधूनच सुरू केला, असं ते धरतं आणि दोघांचेही पैसे लावतं. त्यामुळे एकच वस्तू ठरवून टाक. मी म्हणेन कार्डच, कारण त्याची बॅटरी संपत नाही. ते पर्समधल्या पाकिटात इतर कार्डांबरोबर ठेवू नकोस, वेगळ्या कप्प्यात ठेव. नाहीतर यंत्र भलतंच कार्ड वाचतं. ट्राममध्ये यंत्र दाराशीच असतं. चढल्यावर टेकवायचं, आपला स्टॉप आला की उतरण्याआधी टेकवायचं, आवाज आणि हिरवी खूण आली की झालं. मेट्रोत हेच काम स्टेशनच्या फाटकावर होतं. रोख पैसे ट्राममध्ये किंवा बसमध्ये घेतच नाहीत, त्यामुळे सुटे नाहीत म्हणून अडायचा प्रश्न नाही. उतरताना विसरलीसच तर ओव्हीपेच्या, म्हणजे असं कार्ड टेकवून भाडं घेणाऱ्या व्यवस्थेच्या, साइटवर आपला प्रवास शोधून दुरुस्ती मागता येते. कापलेल्या त्या दोन वेळा अजून तिथे दिसतात का बघ.

भाड्याचा हिशेबही एकदा समजून घे, म्हणजे बँकेच्या यादीतले आकडे बघून दचकायला होणार नाही. चढल्याबद्दलची एक ठरावीक रक्कम आणि त्यावर अंतराप्रमाणे पैसे, असं ते असतं. ट्राममधून उतरून ३५ मिनिटांच्या आत पुढच्या ट्राम, बस किंवा मेट्रोत चढलीस तर ती ठरावीक रक्कम पुन्हा लागत नाही. म्हणजे वाटेत उतरून दुकानातून झटपट काही घेतलंस आणि पुढची ट्राम धरलीस तर फारसं नुकसान नाही.

तुमच्याकडून शहरात जायला दोन ट्राम आहेत. ५ नंबरची स्टाड्सहार्टहून निघते आणि झुइड स्टेशनवरून पुढे म्युझियमप्लाइन, लाइडसेप्लाइन अशी गावात शिरते. २५ नंबरची झुइडला संपते. तिथे उतरून ५२ नंबरची मेट्रो धरायची. ही मेट्रो २०१८ मध्ये सुरू झाली, जुन्या शहराच्या पोटातून जाते आणि झुइडहून सेंट्रल स्टेशनला दहाएक मिनिटांत पोचवते. कुठून काय धरायचं हे ९२९२ या ॲपवर निघण्याआधी बघून घे. देशभरातल्या ट्राम, बस, मेट्रो, रेल्वे सगळ्यांची वेळापत्रकं त्यात एकत्र असतात.

पहिली फेरी मी सुचवते. मुलगी शाळेत गेली की सकाळी साडेनऊ-दहाला निघ, गर्दी ओसरलेली असते. मेट्रोने दे पाइप स्टेशनला उतर. वर आलीस की लगेच आल्बर्ट काउप रस्त्याचा बाजार लागतो. रविवार सोडून रोज भरतो. भाजी, फळं, मासळी, कापड, सगळं रस्त्यावरच्या ठेल्यांवर. भाजी आणायला संध्याकाळची वाट बघायची नाही, हे तिथेच सिद्ध होईल. येताना वेळ असेल तर आधी सेंट्रलच्या दिशेने दोन स्टेशनं पुढे जाऊन रोकिनला उतर. ही मेट्रो खणताना ॲमस्टल नदीच्या जुन्या पात्रातून शेकडो वर्षांच्या हजारो वस्तू निघाल्या. चाव्या, नाणी, मातीची भांडी, बटणं, दातांच्या कवळ्या. त्या रोकिनच्या दोन सरकत्या जिन्यांच्या मधे काचेखाली मांडल्या आहेत. वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा बघायला मिळतात, वेगळं तिकीट नाही.

आता त्या ओरडणाऱ्या बाईबद्दल. तिचं ओरडणं मनाला लावून घेऊ नकोस, पण ती का ओरडली ते नीट बघ, कारण तो तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. इथे फुटपाथ आणि मोटारींचा रस्ता यांच्यामधे जी तांबूस डांबराची पट्टी असते ती सायकल ट्रॅक. नव्या माणसाला ती फुटपाथचाच भाग वाटते. सायकलवाल्यांच्या दृष्टीने मात्र तिच्यात थांबणं म्हणजे हायवेवर मधोमध उभं राहणं. त्यात आपली आणखी एक सवय आड येते. आपण जन्मभर डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत वाढलो, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान आपसूक आधी उजवीकडे वळते. इथे पहिली धडक डावीकडून येते. तेव्हा फुटपाथच्या कडेला थांबायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघायचं आणि सायकल ट्रॅक एका दमात ओलांडायचा. मधे बेट असेल तर तिथे थांबायचं, ट्रॅकवर कधीच नाही. काही ट्रॅकवर दोन्ही बाजूंनी सायकली येतात. आणि ट्राम जवळजवळ आवाज न करता येते, ती आपल्यासाठी वळू शकत नाही. रूळ ओलांडताना कानात काही घालू नकोस.

मागून घंटी वाजली तर तो राग नसतो, 'मी येतेय' एवढंच सांगणं असतं. सरळ आपल्या बाजूला राहायचं. घाबरून आडवी उडी मारलीस की टक्कर होते.

एक गोष्ट मला तुला मुद्दाम सांगायची आहे. तुला वाटत असेल की हे लोक सायकलवरच जन्माला येतात, हे शहर त्यांचं, आपण बाहेरचे. तसं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत याही देशात गाड्या वाढल्या, जुने चौक पाडून रुंद रस्ते झाले आणि सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ मध्ये इथे रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच त्यांनी ठेवलं 'स्टॉप दे किंडरमोर्ड', मुलांची हत्या थांबवा. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी गाड्या बंद केल्या आणि लोकांना मोकळे रस्ते कसे असतात ते दिसलं. तुझी लेक ज्या ट्रॅकवरून शाळेत जाते तो अशा भांडणातून झालेला आहे. जिला गाडी चालवता येत नाही, जिला घाई नाही, जिच्याबरोबर मूल आहे, तिच्यासाठीच तो केलेला आहे. त्यावर तुझा हक्क कुणाहून कमी नाही. ॲमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली, तीही याच वाटेवरची पायरी.

शिकायचं कसं? पहिली अट, नवऱ्याकडून नाही. तो वाईट शिकवतो म्हणून नाही. नवरा-बायकोत शिकवणी लागली की चूक सायकलची राहत नाही, घरातली जुनी उणीदुणी निघतात. इथे वस्त्यावस्त्यांतल्या सामाजिक केंद्रांत, ज्यांना बुर्टहुइस म्हणतात, मोठ्या बायकांसाठी सायकलचे वर्ग चालतात. मोरोक्को, तुर्कस्तान, सुरिनाम अशा देशांतून आलेल्या कितीतरी बायका पन्नाशी-साठीत तिथे पहिल्यांदा सायकलवर बसल्या आहेत. तुला तर तोल आधीपासून येतो. शरीर तो विसरत नाही. गावच्या पालिकेत किंवा ग्रंथालयात जाऊन 'फीट्सलेस' एवढं विचार, ते योग्य ठिकाणी धाडतील. नवऱ्याने मदतच करायची असेल तर वर्गाच्या वेळी घर आणि लेक सांभाळावी. ती मोठी मदत आहे.

सरावाला तुमच्या शेजारी ॲमस्टरडॅमसे बॉस आहे. सुमारे १,००० हेक्टरचं हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांच्या हातांना काम म्हणून त्याची लागवड सुरू झाली. आत सायकलींचे वेगळे रस्ते, सपाट जमीन, मोटारींचा त्रास नाही. एप्रिलमध्ये तिथल्या चेरीच्या बागेत ४०० झाडं एकदम फुलतात. जपानी महिला मंडळाने २००० साली ती भेट दिली आणि प्रत्येक झाडाला एका बाईचं नाव आहे, अर्धी जपानी, अर्धी डच. वर्ग सुरू झाल्यावर पहिली ठरवलेली फेरी तिथवर कर. जायला ठिकाण असलं की माणूस पुढच्या चाकाकडे बघत बसत नाही, लांब बघतो, आणि लांब बघितलं की तोल आपोआप सांभाळला जातो.

सायकल घेताना उंच दांड्याची नको. बिनदांड्याची, पाय सहज आत घालता येईल अशी घे आणि सीट सुरुवातीला इतकी खाली ठेव की बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. दुकानदार म्हणेल की सीट फार खाली आहे, गुडघे दुखतील. म्हणू दे. आत्मविश्वास आला की वर घेता येते. आणि ब्रेक हातातले आहेत ना हे बघून घे. इथल्या जुन्या साध्या सायकलींना बऱ्याचदा हातात ब्रेकच नसतो, पायडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपल्याकडे पायडल उलटं फिरवून पाय नीट लावायची सवय असते. तसं इथे केलंस की सायकल गचकन थांबेल आणि तू घाबरशील. मागच्या चाकाच्या वरच्या भागाला कापडी किंवा प्लॅस्टिकची झड असते आणि चेनवर पूर्ण झाकण असतं, म्हणून कुर्ता चालेल. ओढणी मात्र घरी ठेव किंवा पोटाशी घट्ट बांध. लोंबती ओढणी चाकात गेली की गळ्याशी येते, यात तडजोड नको.

विकत घ्यायची घाई नसेल तर महिन्याच्या भाड्याने मिळते. निळ्या पुढच्या टायरच्या स्वॅपफीट्स तू पाहिल्याच असशील. बिघडली तर तेच दुरुस्त करतात किंवा बदलून देतात. वापरलेली घेतलीस तर दुकानातूनच, पावतीसकट. रस्त्यात कुणी स्वस्तात देऊ केली तर ती चोरीची असते आणि घेणाराही गुन्हेगार ठरतो. कुलपं दोन लाव. मागच्या चाकाचं ते कड्याचं एक, आणि एक जाड साखळी, जी सायकलच्या सांगाड्यातून काढून लोखंडी कठड्याला बांधायची. स्टेशनांबाहेर भलत्या जागी लावलीस तर पालिका उचलून लांबच्या डेपोत नेते आणि पैसे भरून सोडवून आणावी लागते. सेंट्रल स्टेशनसमोर पाण्याखाली बांधलेलं सायकलींचं तळघर आहे, २०२३ मध्ये उघडलं, सुमारे ७,००० सायकली मावतात आणि पहिले २४ तास फुकट.

रस्त्यावर जाण्याआधी जंगलात दोन गोष्टी येईपर्यंत घोटव. एक, सरळ जात असताना मागे वळून बघणं. दुसरी, एक हात सोडून वळायची दिशा दाखवणं. बाकीचं यांच्यानंतर. नियमांत सगळ्यांत आधी लक्षात ठेवायचे ते रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण. त्यांचं टोक तुझ्याकडे असेल तर तू थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. कसलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग ती मोटार असो की सायकल. ट्राम असेल तर तिला कायम जाऊ द्यायचं. ट्रामचे रूळ सायकलने ओलांडताना शक्य तितकं काटकोनात. तिरकं गेलीस तर पुढचं चाक खाचेत अडकतं आणि माणूस थेट तोंडावर पडतो. पावसात रूळ निसरडे असतात, तेव्हा सरळ उतरून हातात धरून पार कर. मोठ्या चौकात डावीकडे वळायचं असेल तर आधी सिग्नलवर सरळ पलीकडे जायचं, तिथे थांबून दुसऱ्या सिग्नलवर डावीकडे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. चालवताना फोन हातात धरायला २०१९ पासून बंदी आहे. हेल्मेटची साध्या सायकलवर सक्ती नाही आणि इथे फारसं कुणी घालत नाही, पण तुला घालून धीर येत असेल तर खुशाल घाल.

आणखी एक शत्रू आहे, वारा. घाट नाहीत म्हणून देश सोपा वाटतो, पण नोव्हेंबरात समोरून वारा आला की पायांची कसोटी लागते. बुयेनराडार नावाच्या ॲपवर पुढच्या दोन तासांतला पाऊस दिसतो. डच लोकही ते बघूनच निघतात. हवा नको वाटली तर त्या दिवशी ट्राम. रोज सायकलवरच गेलं पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

मुलीच्या 'तू येऊ नकोस'ने तुला वाईट वाटलं असणार. नऊ वर्षांच्या पोरीला शाळेच्या दारात आई धापा टाकत पोचलेली नको असते. पण तिला आई नकोशी झालीय असं समजू नकोस. काही महिन्यांनी शेजारून सायकलवर आलीस तर ती खूश होईल. इथे दोघांनी जोडीने सायकल चालवायला परवानगी आहे. मूल फुटपाथच्या बाजूला, आई रस्त्याच्या बाजूला, असे कितीतरी जण सकाळी दिसतात. शाळेत पुढे तिची रस्त्यावरची सायकलपरीक्षाही होईल. तिच्याकडूनच नियम विचारून घे. तिला आवडेल आणि तुझाही अभ्यास होईल.

गाडीचं माझं मत स्पष्ट आहे. या कारणासाठी घेऊ नका. पार्किंगचा खर्च बाजूला ठेवला, जो ॲमस्टरडॅमच्या मध्यभागी तासाला सात युरोंच्या वर जातो, तरी ती गाडी दिवसभर नवऱ्याकडेच असेल आणि तू होतीस तिथेच राहशील. शिवाय भारतातलं लायसन्स इथे नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं. ऑगस्टपासून मोजलंत तर ती मुदत संपली असेल. नवऱ्याला परदेशी कर्मचाऱ्यांची ३० टक्क्यांची करसवलत असेल तर त्या आधारे लायसन्स बदलून मिळतं. नसेल तर परीक्षा द्या. कधीमधी लांब जायला भाड्याची गाडी पुरते.

सासूबाईंसाठी गाडीपेक्षा ट्राम बरी. ती चढायला सोपी, बसायला जागा, खिडकीतून शहर दिसतं. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना सेंट्रल स्टेशनच्या मागे ने. तिथून आय नावाच्या पाण्यापलीकडे जाणाऱ्या फेरीबोटी पायी आणि सायकलवाल्यांना फुकट आहेत. जवळच्या काठाला बोट पाचेक मिनिटांत लागते, लांबच्या एनडीएसएम नावाच्या धक्क्याला जायला पाव तास. वाऱ्यासाठी शाल हवी, मे महिन्यातही.

त्यांचं कार्ड मात्र वेगळं हवं, तुझ्या कार्डावर दोघींना जाता येत नाही. एखाद्या दिवशी खूप फिरायचं असेल तर जीव्हीबीचं, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या ट्राम-बस-मेट्रो चालवणाऱ्या कंपनीचं, दिवसभराचं तिकीट घ्या, फक्त ते रेल्वेत चालत नाही हे ध्यानात ठेव. त्यांच्या बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर तेही ट्राममध्ये चालेल. पण भारतातल्या कार्डांवर परदेशातला वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय बऱ्याचदा बंद ठेवलेली असते. निघण्याआधी शाखेत जाऊन दोन्ही सुरू करून घ्या, असं त्यांना आत्ताच फोनवर सांग.

तुझी,
मावशी